टेबलाखालचे पाय

कटरने दाजीचा जबडा मोडला तेव्हा दुपारचे सव्वाबारा वाजले होते आणि भंगाराच्या यार्डात जेवणाची सुट्टी होती. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर लोक म्हणतात, कामाच्या वेळेत मारामाऱ्या करतो. कटर कामाच्या वेळेत काम करतो.

ठोसा एकच. दाजी मागे गेला तो थेट छोट्या वजनकाट्यावर उताणा पडला. तोंडातून रक्त आलं, रक्तासोबत एक दाढ आली, आणि काट्यावर बसणाऱ्या माणसाने सवयीने आकडा वाचला, "एकोणऐंशी किलो." मग आपण काय वाचलं ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो खिडकी ओढून आत बसला.

कटर हे नाव कामावरून पडलं. गॅसच्या ज्योतीने लोखंड कापायचं. बसगाड्या, बॉयलर, पाण्याच्या टाक्या, जे येईल ते. आईबापांनी ठेवलेलं नाव कुठल्यातरी कागदावर असेल, पण शेवटी शेवटी आईसुद्धा कटरच म्हणायची. वय एक्केचाळीस, लग्न नाही, डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. एका क्रेनच्या दातेरी चाकाने ती घेतली. "चाकाला जास्त गरज होती," असं तो सांगतो.

बुद्धिबळ त्याला एका ट्रक ड्रायव्हरने शिकवलं. माल भरायला चार चार तास लागायचे, तेवढ्या वेळात दोघं ट्रकच्या बॉनेटवर पट मांडून बसायचे. पुढे ड्रायव्हर गेला, खेळ राहिला. मग काट्याच्या वरच्या माळ्यावर कटरने आजूबाजूच्या पोरांना शिकवायला सुरुवात केली. पाचनंतर, फुकट. अट एकच, जिना चढताना चपला-बूट खालीच काढायचे.

त्या अटीमागे कारण होतं. कटरचं टेबल त्याने स्वतः जोडलेलं होतं. बसच्या पायरीची लोखंडी जाळी, तिच्यावर एक सोडून एक चौकोन पांढऱ्या रंगाने मारलेला. प्यादी म्हणून नट, हत्ती म्हणून बेअरिंग, उंट म्हणून स्पार्कप्लग. पण खरी गंमत सोंगट्यांची नाही. जाळीतून खालचं दिसायचं. समोरच्याचे उघडे पाय दिसायचे.

"तोंड खोटं बोलतं," कटर सांगायचा. "हात तर बाराचे बिलंदर. पायांना मात्र खोटं बोलायला कुणी शिकवलेलंच नाही. समोरच्याचा अंगठा वळला की समजायचं, तुला जे दिसलं ते आता त्यालाही दिसलं."

डोकं म्हणून काय ते पटावर चालतं, असं मोठमोठे सांगतात. कटर म्हणायचा, पटावर फक्त निकाल लागतो.

आता एक गोष्ट झाकून ठेवण्यासारखी आहे, पण झाकायची नाही. कटर शिकवताना मारायचा. हातात वेल्डिंगचा रॉड असायचा. कुणी बोटांवर चाली मोजायला लागलं, हा इकडे गेला तर तो तिकडे, मग मी असा, मग तो तसा, की बोटांच्या पेरांवर रॉड बसायचा. लागेल असाच. "मोजतोस काय? किराणा घ्यायला आलायस? बघ! आधी बघ!" पोरं "आई गं" करून नाचायची, शिव्या द्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत यायची.

त्या पोरांत त्याच्या ताईची मुलगी होती. अकरा वर्षांची. कटर तिला ठिणगी म्हणायचा, कारण ती पहिल्यापासून अंगावर जाऊन खेळायची. सोंगट्या बळी द्यायची, समोरच्याचा राजा उघड्यावर आणायची, हरली तरी खिदळायची.

एका संध्याकाळी ठिणगी बोटांवर मोजताना सापडली. रॉड बसला.

बाकीची पोरं हात मागे ओढतात. ठिणगीने ओढला नाही. तिने मान खांद्यांत घेतली, डोळे मिटले आणि दुसरा हात आपणहून पुढे केला.

कटरच्या हातातून रॉड गळून पडला. त्याने जाळीतून खाली बघितलं. तिच्या पायांची सगळी बोटं मुठीसारखी आवळलेली होती.

"कोण?" त्याने विचारलं.

"पडले मामा."

"कसं लागलं ते विचारलं का मी? कोण, ते विचारलं."

कटरने तिची बाही वर केली. दंडावर पट्ट्याच्या बकलाचा चौकोन उठला होता, शिक्का मारल्यासारखा. एक जुना पिवळा, त्यावर एक नवा निळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कटरने तो रॉड कापून त्याचे आठ तुकडे केले आणि भंगारात टाकले. पोरांच्या अंगावर त्याने पुन्हा कधी काही उगारलं नाही. त्याच दुपारी, सव्वाबाराला, दाजी स्वतःच यार्डात आला. पोरगी या उकिरड्यात येते हे मला पसंत नाही, असं सांगायला. पुढचं वर आलंच आहे.

कोर्टात ताईने साक्ष दिली. भावाच्या विरुद्ध. "माझा भाऊ लहानपणापासून मारकुटा आहे," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याने त्याला काहीही केलेलं नव्हतं." तेही खरंच होतं म्हणा. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? कटरने फक्त ताईचे पाय बघितले. पिंजऱ्यात उभी होती, आणि एक पाऊल दुसऱ्या पावलावर दाबून धरलं होतं, खालचं पाऊल पळून जाईल अशा भीतीने. ती कुणाला घाबरून बोलतेय ते त्याला कळलं, आणि त्याने गुन्हा कबूल केला. तीन वर्षांचा बाँड झाला. तीन वर्षांत कुणावरही हात उचलला, की सरळ आत.

दाजीचा जबडा सहा आठवडे तारेने बांधलेला होता. त्याला बोलता येत नव्हतं. पट्टा चालवायला बोलावं लागत नाही.

दारू पिऊन मारणारा एक वेळ परवडला, त्याची निदान उतरते. दाजी पीत नव्हता. ओरडत नव्हता. व्हॉल्व्हच्या फॅक्टरीत तो तपासनीस होता. पट्ट्यावरून माल समोर यायचा, हा बघायचा, खराब नगावर लाल स्टिकर लावायचा, नोंद करायचा, टिक मारायचा, खाली सही. बावीस वर्षं त्याच्या हातून एकही खराब नग सुटला नव्हता. घरीही त्याला तसंच हवं होतं.

जबडा सुटल्यावर त्याने पोरीला शहराच्या चांगल्या भागातल्या बुद्धिबळाच्या अकादमीत घातलं. थंड हवा, गाद्यांच्या खुर्च्या, भिंतीला ओळीने कॉम्प्युटर. इथे शिकवणाऱ्या कोचबाई तरुण होत्या, मनाने साफ, कुणावर आवाजसुद्धा चढवत नसत. प्रत्येक डाव झाला की त्या तो कॉम्प्युटरमध्ये घालायच्या आणि छापील कागद पोरांच्या हातात द्यायच्या. बरोबर चाल हिरवी. चुकीची चाल लाल ठिपका. फारच चुकीची असली तर मोठा ठिपका आणि शेजारी शब्द: घोडचूक.

दाजीने पहिला कागद हातात घेतला आणि त्याचं तोंड उजळलं. ही भाषा त्याच्या ओळखीची होती.

त्याने दर ठरवला. चुकीला एक पट्टा. घोडचुकीला पाच.

यातलं कटरला काहीच माहीत नव्हतं. ठिणगी त्याला भेटत नव्हती, ताई रस्ता बदलत होती. पण अकादमीच्या बाहेरच्या भिंतीला एक फळा होता आणि दर शनिवारी त्यावर पोरांचे डाव लावायचे, चाली लिहिलेले कागद. कटर दर शनिवारी सायकल मारत जायचा आणि लोखंडावर खुणा करायच्या खडूने पुठ्ठ्यावर ठिणगीचा डाव उतरवून घ्यायचा. मग माळ्यावर एकटाच जाळीच्या टेबलाशी बसून तो खेळायचा, दोन्ही बाजूंनी.

पहिले काही महिने बरे होते. ठिणगी हरत होती, पण ठिणगीसारखी. मग हळूहळू काहीतरी विझायला लागलं. बळी बंद. हल्ले बंद. कच्च्या खेळाडूंना ती गळा दाबून हळू हळू मारायची, पक्क्यांशी मात्र बाराव्या चालीला बरोबरी. एक बरोबरी समजू शकतो. दोन, ठीक. लागोपाठ नऊ. आणि दर वेळी बारावी चाल. सोंगट्या धड बाहेरही आलेल्या नाहीत, एक प्यादं मेलेलं नाही, आणि पोरगी बरोबरी मागून उठतेय.

नववा कागद खेळून कटर पाच मिनिटं जाळीकडे बघत बसला. समोर कुणी नव्हतं, तरी त्याला समोर आवळलेल्या पायांची बोटं दिसली.

सोमवारी तो सुट्टी टाकून अकादमीत गेला. अंगावर धुतलेला शर्ट, पण बुटांना गंज. कोचबाईंनी त्याला ओळखलं. जबडा फोडणारा मामा म्हणून त्याची कीर्ती त्याच्या आधी पोहोचली होती. त्यांनी दार उघडं ठेवलं आणि बसा म्हणाल्या नाहीत.

"पोरीला मारतायत," कटर म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"हे म्हणतं." त्याने पुठ्ठा पुढे केला.

कोचबाईंनी पुठ्ठा बघितला, मग कॉम्प्युटरवर तेच डाव काढले. पडदा हिरवागार. "हे बघा. सत्त्याण्णव टक्के अचूक. अठ्ठ्याण्णव. शंभर! हिच्या वयाची एकही मुलगी इतकं स्वच्छ खेळत नाही. ती सुधारतेय."

"बाई, मढंसुद्धा स्वच्छ असतं. चुका करत नाही."

"तुम्ही असं काहीतरी बोलता आणि मी त्यावर..." त्या थांबल्या. "बारा चालींवरून तुम्हाला कळलं? घरी काय चालतं ते?"

"बारा चालींवरूनच कळलं. तेराव्याला ती घाबरते. तेराव्या चालीपासून खेळ सुरू होतो. म्हणजे चुका सुरू होतात."

"कॉम्प्युटर खोटं बोलत नाही हो."

"नाही बोलत. पण त्याला कुणी मारत नाही ना."

कोचबाईंनी पडदा बंद केला. पटलं म्हणून नाही, या माणसाला बाहेर कसं काढावं याचा विचार करत होत्या. पण त्यांनी एक गोष्ट सांगून टाकली. येत्या रविवारी निवड स्पर्धेचा शेवटचा डाव होता. जो पहिला येईल त्याला लांबच्या निवासी शाळेत जागा. सहा वर्षं राहणं, जेवण, शिक्षण, सगळं शाळेचं. घरी यायचं ते फक्त सुट्टीत, आणि तेही नको असेल तर नाही. जागा एकच. ठिणगी दुसरी होती. पहिला होता अकादमीचाच एक चष्मेवाला, अर्ध्या गुणाने पुढे. रविवारी दोघांची गाठ होती.

"बरोबरी झाली तर?"

"तर त्याला जागा. हिला जिंकायलाच लागेल."

कटरने दाराच्या चौकटीला हात धरला. म्हणजे गोष्ट इतकी होती. रविवारी पोरगी जिंकली तर त्या घरातून सुटली. बाराव्या चालीला उठली तर अजून सहा वर्षं.

"तिला माझा एक निरोप द्या. भेटायला नको, बोलायला नको. फक्त सांगा, मामाने विचारलंय, टेबलाखाली काय चाललंय?"

"एवढंच?"

"एवढंच."

"याचा अर्थ काय?"

"तुम्हाला नाही लागणार. तिला लागेल."

कोचबाईंनी निरोप दिला. ठिणगीने ऐकला, मान हलवली आणि कागदावर हिरव्या चाली लिहीत बसली. आपण उगाच या माणसाच्या नादी लागलो, असं बाईंना वाटलं.

रविवारी सकाळी दहाला डाव सुरू झाला. आत खेळायची खोली, मध्ये मोठी काच, बाहेर पालकांसाठी लांब पडवी. काचेच्या खालच्या अंगाला लोखंडी रेलिंग. पडवीच्या टोकाच्या भिंतीवर, आतून दिसणार नाही असा, मोठा पडदा, त्यावर पट दिसत होता आणि बाजूला कॉम्प्युटरची पट्टी. पांढरा वरचढ झाला की पट्टी पांढरी होणार, काळा झाला की काळी. चूक झाली की लाल ठिपका. आत पोरांना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांना फक्त काच दिसत होती आणि काचेपलीकडची तोंडं.

दाजी पहिल्या ओळीत, मांडीवर वही, खिशाला निळं पेन, हातात स्टीलची पाण्याची बाटली. ताई शेवटच्या बाकावर, पोटाशी पिशवी धरून. कटर दाराजवळ उभा. दाजीने त्याला बघितलं आणि हसला. जबडा एका बाजूला थोडा वाकडाच जुळला होता, त्यामुळे हसू कानाकडे जायचं.

"आलास का उंटावरचा शहाणा? बघ. शिकवणं कशाला म्हणतात ते बघ."

कटरचे हात खिशात होते आणि खिशात मुठी होत्या.

ठिणगी पांढरी. चाल, चाल, चाल. पट्टी मधोमध. नववी, दहावी, अकरावी. सगळं हिरवं. बारावी चाल झाली आणि चष्मेवाल्याने घड्याळ दाबून तिच्याकडे बघितलं. सवयीप्रमाणे ती आता बरोबरी मागणार होती आणि तो खुशीत हो म्हणणार होता. बरोबरीवर त्याची जागा पक्की होती.

ठिणगीच्या हातातून पेन पडलं.

टेबलाखाली घरंगळलं. ती वाकली. पेन उचलायला किती वेळ लागतो? हिला जास्त लागला. दाराशी कटरच्या लक्षात आलं. तिने पेन पाडलं होतं. पोरगी पाय बघत होती.

ती वर आली, बसली, केस कानामागे सारले आणि पांढरा उंट उचलून थेट काळ्या राजापुढच्या प्याद्यावर आपटला. उंट फुकट. राजाने मारला की गेला.

पडद्यावर मोठा लाल ठिपका पेटला. घोडचूक. पट्टी काळी पडायला लागली.

पडवीत कुणीतरी "अरेरे" केलं. दाजी उठला. आरडाओरडा नाही, घाई नाही. तो काचेपाशी गेला, थेट ठिणगीसमोर, आणि त्याने हाताचा पंजा उघडून काचेला टेकवला. पाच बोटं.

ठिणगीने मान वर केली. तिला ती पाच बोटं दिसली. तिचा हात पटावर होता, तो मागे यायला लागला.

तेवढ्यात ती बोटं दिसेनाशी झाली. मध्ये एक पाठ आली. धुतलेल्या शर्टाची, रुंद, काचभर.

कटर दाजी आणि काच यांच्या मधे उभा होता. त्याने दोन्ही हात मागे नेऊन रेलिंग घट्ट पकडली होती.

"बाजूला हो," दाजी हळू म्हणाला.

"डाव होऊ दे."

"बाँडवर आहेस ना रे? उचल हात. उचल, मग मी फोन करतो."

कटरने हात उचलला नाही. दाजीने बाटली उचलली.

पहिली कानावर बसली. कटरच्या डोक्यात शिट्टी वाजली. दुसरी भुवईवर, कातडं फाटलं आणि डावा डोळा रक्ताने भरला. लोक उठले, कुणी ओरडलं, कुणी फोन काढून शूटिंग करायला लागलं, कारण ते सोपं असतं. गुडघा पोटात आला. कटर वाकला, पण हात सोडले नाहीत, वाकला तसा परत सरळ झाला. आत राजाने उंट मारला होता आणि मागोमाग घोडा उडी मारून आला होता, राजाला शह. पडद्यावर ते दिसलं. आता चष्मेवाल्याची पाळी. राजाला दोनच वाटा होत्या. एक पुढे, उघड्यावर. एक मागे, घरात. पट्टी अजून काळीच होती. काळा बरोबर खेळला तर जिंकणार होता.

चष्मेवाला विचार करत राहिला. एक मिनिट. दोन. चार.

ती चार मिनिटं कटरने उभ्याने खाल्ली. दाजी मारण्यातही तपासनीस होता. जागा बघून, टिपून. बरगडीवर, मग त्याच बरगडीवर. आतून काहीतरी वाळक्या काटकीसारखं मोडल्याचं कटरला ऐकू आलं. दाजी बाजूने आला आणि रेलिंग धरलेल्या डाव्या हातावर, बोटं नसलेल्या खुंटांवर, त्याने बाटलीचं बूड घातलं. लोखंडावर लोखंड वाजलं, मध्ये मांस. कटरच्या तोंडून आवाज आला, माणसाचा वाटणार नाही असा. हात तिथेच होता. दर घावाला काच धप् करत होती आणि काचेपलीकडे एक पोरगी मान खांद्यांत घेऊन बसली होती. हा आवाज तिच्या घरचा होता. आज पहिल्यांदाच तो दुसऱ्या कुणाच्या अंगावर वाजत होता.

"उचल ना हात! आता कुठे गेला तुझा ठोसा?"

"मोज," कटर म्हणाला. ओठ फाटला होता, शब्द रक्तातून आले. "घोडचुकीचे... पाच कधीच झाले. तू मोजायला... चुकलास."

त्याला पाच हा आकडा त्या पंजावरूनच समजला होता. दाजी एक क्षण थांबला. चुकलास हा शब्द त्याला बावीस वर्षांत कुणी म्हटला नव्हता.

त्या क्षणात, एका डोळ्याने, कटरला पडवीच्या टोकाच्या पडद्यावर काळा राजा हललेला दिसला. मागे. घरात.

पट्टी एका झटक्यात पांढरी झाली, वरपासून खालपर्यंत. वजीर आला. आणखी सहा चाली आणि मात.

तोवर रखवालदार आणि दोन पालकांनी दाजीला धरलं होतं. पोलीस आले. सगळ्यांना आयोजकांच्या खोलीत बसवलं. एक लांब बाक, एक टेबल, त्यामागे साहेब. दाजीने शर्ट खोचला, भांग नीट केला आणि सांगायला लागला. हा बाँडवरचा गुंड आहे. याने माझी वाट अडवली. मी घाबरून हातात होतं ते चालवलं.

"मी बघितलं आहे," कोचबाई म्हणाल्या. "यांनी हात रेलिंगवरून काढलेच नाहीत. आणि तुम्ही मुलीला बोटं दाखवत होता. पाच. कसली पाच?"

"बापाने पोरीला हात दाखवायचा नाही? मी आजवर पोरीला बोट लावलेलं नाही साहेब. तिच्या आईला विचारा. बोल गं."

सगळ्यांनी ताईकडे बघितलं. कटरने बघितलं नाही. एकदा ऐकलेली साक्ष परत ऐकायची त्याची तयारी होती, बघायची नव्हती.

ताईने पिशवीतून निळी फाईल काढली आणि साहेबांसमोर ठेवली.

आत अकादमीचे छापील कागद होते, तारीखवार लावलेले, कडा जुळवलेल्या. एकतीस कागद. प्रत्येक लाल ठिपक्यावर निळ्या पेनाने टिक. मोठ्या ठिपक्यांवर पाच पाच. खाली एक शब्द, पूर्ण. त्याखाली तारीख आणि दाजीची सही.

"या टिक कसल्या?" साहेबांनी विचारलं.

"एक टिक म्हणजे एक पट्टा," ताई म्हणाली. "मारून झालं की टिक. सगळे झाले की पूर्ण, आणि सही. फॅक्टरीची सवय आहे त्यांना. सही केल्याशिवाय ते काही पुढे सोडत नाहीत."

साहेब पानं उलटत गेले. शेवटची नऊ पानं हिरवीगार होती. त्यावर टिक नव्हती, पण सही होती.

"फाईल कुणी हलवली जागेवरून?" दाजी म्हणाला. खरंच एवढंच म्हणाला. मग त्याचा त्यालाच अर्थ लागला आणि तो खाली बसला.

"तुम्हीच म्हणता ना," ताई म्हणाली, "कागद हातात असल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. नाही उघडलं मी. दीड वर्ष."

दाजीला घेऊन गेले. अॅम्ब्युलन्स यायला वेळ होता. बाकावर कटर, त्याच्या शेजारी ठिणगी, पलीकडे ताई. कटरच्या डोळ्यावर कोचबाईंची ओढणी दाबलेली, ती लाल झाली होती. ताईने भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला होता.

कोचबाईंना राहवलं नाही. त्यांच्या हातात फोन होता, फोनवर तो डाव होता.

"एक सांगू? रागावू नका. तो बळी चुकीचा होता. राजा पुढे आला असता तर तू हरली असतीस. मी तीन वेळा तपासलं. कॉम्प्युटर बरोबर होता."

"मला माहीत होतं," ठिणगी म्हणाली.

"माहीत होतं?"

"त्याने पाय खुर्चीमागे अडकवले होते. दोन्ही. घट्ट." तिने पडवीकडे बघितलं. चष्मेवाला आईच्या खांद्यावर डोकं ठेवून उभा होता. "तो पण लाल ठिपक्याला घाबरतो. घाबरलेला माणूस पुढे येत नाही बाई. कोपऱ्यात जातो. पुढे आलं तर वाचतो, हे त्याला कळत असेल, तरी जात नाही."

"हे तुला कुणी शिकवलं? मामांनी?"

"नाही. मी कपाटामागे जायचे ना."

कोचबाईंनी फोन बंद करून खिशात टाकला. कटरने उरलेल्या एका डोळ्याने भाचीकडे बघितलं. पाय बघायला त्याने शिकवलं होतं. पायांत काय दिसतं ते मात्र तिला पट्ट्याने शिकवलं होतं, आणि त्यातला एक फटका त्याच्या स्वतःच्या रॉडचा होता. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. शाब्बास हा शब्द इथे बसत नव्हता.

"ठिणगे," तो म्हणाला, "त्या दिवशी रॉड... माझं चुकलं होतं."

ठिणगी वाकून बाकाखाली बघत होती.

"मामा, तुझे पाय लटलट कापतायत."

"कापू दे," कटर म्हणाला. "डाव संपलाय आता."